पाण्याचे माप आणि पाण्याची वेळ : आंतरराज्य नदीजल निवाड्यांची एक चिकित्सा

१. प्रस्तावना

भारतातील आंतरराज्य नदीजल विवादांविषयीची चर्चा बहुतेक वेळा एकाच प्रश्नाभोवती फिरताना दिसते. कोणत्या राज्याला किती अब्ज घनफूट, म्हणजेच रूढ भाषेत किती टीएमसी पाणी मिळाले, हा तो प्रश्न होय. विधिमंडळातील भाषणे, वृत्तपत्रांतील अग्रलेख आणि पदव्युत्तर वर्गातील अध्यापन या तिन्ही ठिकाणी निवाड्याचे मूल्यमापन याच एका आकड्यावरून केले जाते. आकडा वाढला तर राज्य जिंकले, आकडा घटला तर राज्य हरले, असा सरळ हिशेब मांडला जातो.

परंतु नदी वर्षाला एकदा मोजून दिली जाणारी वस्तू नाही. ती चार महिने दुथडी भरून वाहते आणि उरलेले आठ महिने क्षीण होत जाते. पिकाला लागणारे पाणीही ठराविक आठवड्यांतच लागते. जूनमध्ये न मिळालेले पाणी नोव्हेंबरमध्ये दुप्पट मिळाले तरी गेलेला हंगाम परत येत नाही. म्हणूनच नदीजलावरील हक्काला दोन अंगे असतात. पहिले अंग मापाचे, दुसरे वेळेचे. भारतीय जलविवादांच्या कायद्याने पहिल्या अंगाचा विचार तपशिलाने केला. दुसऱ्या अंगाचा विचार मात्र कधी टाळला, कधी यांत्रिक पद्धतीने केला. प्रस्तुत लेखात कृष्णा, कावेरी आणि गोदावरी या तीन खोऱ्यांतील निवाड्यांच्या आधारे या उणिवेची चिकित्सा केली आहे.

२. घटनात्मक चौकट

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २६२ नुसार आंतरराज्य नद्यांच्या पाण्यासंबंधीच्या विवादांचा निर्णय कोणत्या पद्धतीने व्हावा, हे ठरविण्याचा अधिकार संसदेला आहे. असे विवाद न्यायालयांच्या कक्षेबाहेर ठेवण्याची मुभाही हाच अनुच्छेद देतो. त्यानुसार १९५६ साली आंतरराज्य जलविवाद अधिनियम संमत झाला. त्याच वर्षी नदी मंडळ अधिनियमही आला. पहिला कायदा भांडण झाल्यानंतर ते सोडविण्यासाठी होता. दुसरा कायदा भांडण होऊ नये म्हणून खोऱ्याचे एकत्रित नियोजन करण्यासाठी होता. प्रत्यक्षात पहिलाच वापरला गेला आणि दुसरा कागदावर राहिला.

या घटनेचा परिणाम दूरगामी ठरला. लवाद हा स्वरूपतः वाटणी करणारा असतो. तो दोन्ही पक्ष ऐकतो, आकडे ठरवितो, अहवाल देतो आणि विसर्जित होतो. नदी मंडळ मात्र दरवर्षी, दर महिन्याला नदीकडे पाहणारे असते. वेळेचा विचार करू शकेल अशी संस्थाच उभी राहिली नाही. त्यामुळे वाटणीची भाषा मापापुरती मर्यादित होणे क्रमप्राप्त होते.

३. कृष्णा : वार्षिक मापाची मर्यादा

न्यायमूर्ती आर. एस. बच्छावत यांच्या अध्यक्षतेखालील कृष्णा जलविवाद लवादाची स्थापना १० एप्रिल १९६९ रोजी झाली. त्याचा निवाडा ३१ मे १९७६ रोजी राजपत्रात प्रसिद्ध झाला. १८९४-९५ ते १९७१-७२ या ७८ वर्षांच्या नोंदींचा आधार घेऊन लवादाने कृष्णेचे ७५ टक्के विश्वासार्हतेचे पाणी २०६० टीएमसी ठरविले. म्हणजे शंभरपैकी पंच्याहत्तर वर्षी नदीत इतके किंवा याहून अधिक पाणी असेल, असे गृहीत धरले. त्यातून महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० आणि आंध्र प्रदेशाला ८०० टीएमसी देण्यात आले. सिंचनानंतर नदीत परतणारे पाणी मिळविल्यावर हे हिस्से अनुक्रमे ५८५, ७३४ आणि ८११ झाले.

या निवाड्याची व्यवस्थितता आणि त्यामागील अभ्यास वादातीत आहे. तथापि त्यातील प्रत्येक हिस्सा १ जून ते ३१ मे या जलवर्षासाठी आहे. वरच्या राज्याने संपूर्ण वर्षात अमुक मापापेक्षा अधिक पाणी वापरू नये, एवढेच बंधन निवाडा घालतो. ते पाणी त्याने कोणत्या महिन्यात अडवावे आणि कोणत्या महिन्यात खाली सोडावे, याविषयी तो मौन पाळतो. सरासरी किंवा त्याहून चांगल्या वर्षी या मौनाने काही बिघडत नाही. पण शंभरपैकी उरलेल्या पंचवीस वर्षांत काय करायचे, या प्रश्नाला वार्षिक कमाल मर्यादेत उत्तर नाही. अशा वर्षी वरची राज्ये आपला पूर्ण हिस्सा कायदेशीरपणे वापरू शकतात आणि तुटीचा भार खालच्या राज्यावर पडतो. लवादाला याची जाणीव होती. म्हणूनच आंध्र प्रदेशाला श्रीशैलम आणि नागार्जुनसागर येथे पुढील वर्षासाठी १५० टीएमसीपर्यंत पाणी राखून ठेवण्याची मुभा देण्यात आली. ही तरतूद मापाची असली तरी तिचा हेतू वेळेचा आहे. चांगल्या वर्षाचे पाणी वाईट वर्षाकडे नेणे हाच तो हेतू.

लवादाने ‘अ’ आणि ‘ब’ अशा दोन योजना विचारात घेतल्या होत्या. ‘ब’ योजनेत अधिकचे पाणी आणि तूट ही दोन्ही वाटून घेण्याची आणि त्यासाठी कृष्णा खोरे प्राधिकरण स्थापण्याची कल्पना होती. त्यासाठी राज्यांची संमती किंवा संसदेचा कायदा आवश्यक होता. दोन्हीही मिळाले नाही आणि ‘अ’ योजनाच अंमलात आली. वेळेचा विचार करणारी योजना मागे पडली, मापाची योजना टिकली, असे या निवडीचे वर्णन करता येईल.

निवाड्यात वेळ आली ती वेगळ्याच रूपाने. ३१ मे २००० नंतर निवाड्याचा फेरविचार करता येईल, अशी त्यात तरतूद होती. तोपर्यंत न वापरलेल्या पाण्यावरील आपला हक्क दुबळा होईल, अशी धास्ती महाराष्ट्रात निर्माण झाली. १९९६ साली महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन करून रोख्यांद्वारे भांडवल उभारण्यात आले आणि एकाच वेळी अनेक प्रकल्प हाती घेण्यात आले. त्यांपैकी कित्येक प्रकल्प मुदतीत पूर्ण झाले नाहीत. धरण कोणत्या गावाच्या कोणत्या पिकासाठी, या प्रश्नापेक्षा पाणी अडविल्याचा पुरावा निर्माण करण्याला महत्त्व आले. कायद्याने हक्काचे मोजमाप केवळ आकड्यात केले की राज्यही सिंचनाचे नियोजन आकड्यासाठीच करू लागते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

२ एप्रिल २००४ रोजी न्यायमूर्ती ब्रिजेश कुमार यांच्या अध्यक्षतेखाली स्थापन झालेल्या दुसऱ्या लवादाने ३० डिसेंबर २०१० रोजी निर्णय दिला. त्याने ४७ वर्षांच्या नोंदी घेऊन ६५ टक्के विश्वासार्हतेचे माप स्वीकारले आणि महाराष्ट्राचा हिस्सा ६६६ टीएमसी ठरविला. सर्वोच्च न्यायालयाने १६ सप्टेंबर २०११ रोजी पुढील आदेशापर्यंत हा निर्णय राजपत्रात प्रसिद्ध करण्यास मनाई केली. विश्वासार्हतेची टक्केवारी ७५ वरून ६५ वर आणल्याने वाटपाचे आकडे वाढतात. पण त्याचबरोबर जितकी वर्षे तूट पडणार, त्यांची संख्याही पंचविसावरून पस्तिसावर जाते. महाराष्ट्रातील चर्चेत वाढलेल्या आकड्याचे स्वागत झाले. वाढलेल्या तुटीच्या वर्षांची दखल त्या मानाने फारच कमी घेतली गेली.

४. कावेरी : महिन्यांचे कोष्टक

कावेरीच्या निवाड्यात वेळेचे अंग प्रथमच स्पष्टपणे पुढे आले. त्याचे कारण खोऱ्याच्या निसर्गातच आहे. कर्नाटकातील पाणलोटाला नैर्ऋत्य मोसमी पाऊस पाणी देतो, तर तमिळनाडूचा त्रिभुज प्रदेश ऑक्टोबरनंतरच्या ईशान्य मोसमी पावसावर अवलंबून असतो. त्रिभुज प्रदेशातील कुरुवै हे भाताचे पीक मात्र जूनमध्येच पाणी मागते. मेट्टूर धरणातून १२ जून रोजी पाणी सोडण्याचा प्रघात त्यातूनच रूढ झाला. या शेतकऱ्याला वर्षाला किती टीएमसी मिळाले, यापेक्षा १२ जूनला मेट्टूरमध्ये पाणी आहे की नाही, हे अधिक महत्त्वाचे असते.

कावेरी लवादाने ५ फेब्रुवारी २००७ रोजी दिलेल्या अंतिम निवाड्यात ७४० टीएमसी पाण्याची वाटणी केली. त्यात तमिळनाडूला ४१९, कर्नाटकाला २७०, केरळला ३० आणि पुदुच्चेरीला ७ टीएमसी देण्यात आले. त्यापलीकडे जाऊन कर्नाटकाने आंतरराज्य सीमेवरील बिळिगुंड्लू येथे दरवर्षी १९२ टीएमसी पाणी महिन्यावार पोहोचवावे, असे ठरले. जूनमध्ये १०, जुलैमध्ये ३४, ऑगस्टमध्ये ५० आणि सप्टेंबरमध्ये ४० टीएमसी, असे ते कोष्टक होते. म्हणजे वर्षाच्या पाण्यापैकी सुमारे ७० टक्के पाणी पहिल्या चार महिन्यांतच द्यायचे होते. सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०१८ रोजी कर्नाटकाचा हिस्सा १४.७५ टीएमसीने वाढवून सीमेवरील पाणी १७७.२५ टीएमसी केले. पण महिन्यावार वाटपाचे तत्त्व कायम ठेवले.

येथे एक गोष्ट नोंदविण्यासारखी आहे. संकटाच्या काळात न्यायालयालाही टीएमसीची भाषा पुरी पडत नाही. ५ सप्टेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकाला दहा दिवस रोज १५,००० क्युसेक पाणी सोडण्यास सांगितले. १२ सप्टेंबरला ते प्रमाण १२,००० क्युसेकवर आणले. त्या दिवशी बंगळुरूमध्ये हिंसाचार उसळला. क्युसेक हे घनफूट प्रतिसेकंद असे, वेळ आत सामावलेले माप आहे. वार्षिक वाटपात बाजूला ठेवलेला प्रश्न शेवटी सेकंदांच्या आणि दिवसांच्या भाषेत न्यायालयासमोर आला, तोही शेतात रोपे उभी असताना आणि रस्त्यावर जमाव उतरला असताना.

कोष्टकाची मर्यादाही कावेरीनेच दाखविली. ते सामान्य वर्षासाठी आहे. तुटीच्या वर्षी प्रमाणशीर वाटणी करावी, हे तत्त्व निवाड्याने सांगितले; मात्र तूट कधी सुरू झाली आणि किती, हे ठरविणारी यंत्रणा २०१८ साली कावेरी जल व्यवस्थापन प्राधिकरण स्थापन होईपर्यंत अस्तित्वात नव्हती. २०२३ च्या अपुऱ्या पावसात या प्राधिकरणाने ५,००० क्युसेक पाणी सोडण्याचा आदेश दिला आणि २१ सप्टेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. दोन्ही राज्ये असमाधानी राहिली. तरी न्यायालयाला स्वतः क्युसेकचे आकडे ठरवावे लागले नाहीत, हा २०१६ आणि २०२३ मधील फरक लक्षणीय आहे.

५. बाभळी : तारखेची सक्ती

वेळेचा विचार केला म्हणजे प्रश्न आपोआप सुटतो, असे मात्र नाही. नांदेड जिल्ह्यातील गोदावरीवरच्या बाभळी बंधाऱ्याचे उदाहरण या दृष्टीने अभ्यसनीय आहे. ६ ऑक्टोबर १९७५ च्या महाराष्ट्र-आंध्र प्रदेश करारानुसार पैठण, सिद्धेश्वर आणि निजामसागर या धरणांच्या खाली पोचमपाडपर्यंतच्या खोऱ्यात महाराष्ट्राला नव्या प्रकल्पांसाठी ६० टीएमसीपर्यंत पाणी वापरता येते. बाभळीची साठवण अवघी २.७४ टीएमसी, म्हणजे त्या हिश्शाच्या पाच टक्क्यांहूनही कमी. तरीही हा बंधारा पोचमपाड येथील श्रीरामसागर जलाशयाच्या फुगवट्यात येतो आणि तो पुन्हा पुन्हा भरून अधिक पाणी उचलले जाईल, या भीतीने आंध्र प्रदेशाने २००६ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. जुलै २०१० मध्ये या प्रश्नावरून सीमेवर मोठे राजकीय आंदोलन झाले आणि आंध्र प्रदेशाचे माजी मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडू यांना महाराष्ट्राच्या पोलिसांनी अटक केली.

न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०१३ रोजी निकाल देताना बंधारा वैध ठरविला आणि त्याच्या वापरावर अटी घातल्या. १ जुलै ते २८ ऑक्टोबर या काळात बंधाऱ्याची दारे उघडी राहतील. २९ ऑक्टोबरपासून २.७४ टीएमसीच्या मर्यादेत पाणी अडविता येईल; दरवर्षी १ मार्च रोजी ०.६ टीएमसी पाणी खाली सोडावे लागेल. आणि केंद्रीय जल आयोगाचा प्रतिनिधी व दोन्ही राज्यांचा प्रत्येकी एक प्रतिनिधी यांची समिती देखरेख करील. महाराष्ट्राचा आकडा अबाधित राहिला. मापाच्या दृष्टीने महाराष्ट्र जिंकला, असेच त्या वेळी म्हटले गेले.

धर्माबाद परिसरातील शेतकऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर चित्र वेगळे दिसते. नदी भरून वाहते ते १२० दिवस दारे उघडी असतात. दारे बंद करण्याची परवानगी मिळते तेव्हा पाऊस परतलेला असतो. बंधारा भरणे हे ऑक्टोबरअखेर नदीत किती प्रवाह उरला आहे, यावर अवलंबून राहते आणि तो प्रवाह वरच्या धरणांतील साठ्यावर ठरतो. माप कागदावर पूर्ण आहे; पण ते मापून घेण्याची वेळ निसर्गाच्या वेळापत्रकाशी जुळत नाही.

खालच्या बाजूच्या शेतकऱ्याची चिंताही तितकीच खरी आहे. श्रीरामसागर २ जून २०१४ नंतर तेलंगणात आहे आणि तेथील लाभक्षेत्र याच पावसाळी प्रवाहावर जगते. त्या हक्काचे रक्षण आवश्यकच आहे. आक्षेप रक्षणाला नसून ते ज्या यांत्रिक पद्धतीने केले आहे, तिला आहे. ज्या वर्षी श्रीरामसागर ऑगस्टमध्येच भरून त्याच्या सांडव्यावरून पाणी वाहू लागते, त्या वर्षी बाभळीत २.७४ टीएमसी अडविल्याने तेलंगणाचे काहीच नुकसान होणार नसते; तरी तारखेमुळे दारे उघडीच ठेवावी लागतात. उलट ज्या वर्षी श्रीरामसागर रिकामा असतो, त्या वर्षीही २९ ऑक्टोबरला दारे बंद करण्यास महाराष्ट्र मोकळा असतो. म्हणजे निव्वळ तारीख चांगल्या वर्षी वरच्या शेतकऱ्यावर अन्याय करते आणि वाईट वर्षी खालच्यावर. नदीची स्थिती न पाहता लावलेली तारीख ही न मोजता लावलेल्या मापाइतकीच सदोष असते.

६. अलमट्टी : पुराची वेळ

वेळेचा प्रश्न टंचाईपुरता नाही. अलमट्टी धरणाच्या उंचीचा वाद गेली अनेक वर्षे ५१९.६० मीटर की ५२४.२५६ मीटर या दोन आकड्यांत अडकला आहे. पहिली उंची सर्वोच्च न्यायालयाच्या २५ एप्रिल २००० च्या निकालानंतरची, तर दुसरी दुसऱ्या कृष्णा लवादाने मान्य केलेली आहे. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षी सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांनी महापूर सोसला. या पुरात अलमट्टीच्या फुगवट्याचा वाटा किती, याविषयी तज्ज्ञांत एकमत नाही. त्या वादात न शिरताही एक गोष्ट मान्य करावी लागेल. सांगलीच्या नागरिकाच्या दृष्टीने धरणाची कमाल उंची हा अपुरा प्रश्न आहे. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात धरणाची पातळी किती ठेवली आणि कोयना, वारणा, पंचगंगेचे पाणी येण्यापूर्वी विसर्ग किती तास आधी वाढविला, हा पूर्ण प्रश्न आहे. कमाल उंची लवाद ठरवू शकतो. रोजची पातळी मात्र दोन्ही राज्यांच्या अभियंत्यांतील दैनंदिन समन्वयावर सोडलेली आहे आणि त्या समन्वयाला निवाड्याचे बळ नाही.

७. जायकवाडी : तारखेला जोडलेली अट

पर्याय काय असू शकतो, याचे एक उत्तर महाराष्ट्राच्या अंतर्गत व्यवस्थेतच सापडते. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम, २००५ च्या कलम १२(६)(क) मध्ये, ऑक्टोबरअखेर खोऱ्यातील सर्व जलाशयांत उपयुक्त पाण्याची टक्केवारी जवळपास सारखी राहावी, असे तत्त्व नमूद आहे. या तत्त्वाच्या आधारे प्राधिकरणाने १९ सप्टेंबर २०१४ रोजी आदेश दिला. १५ ऑक्टोबर रोजी जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांहून कमी असेल, तर नाशिक आणि अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यांतील वरच्या धरणांतून ठरलेल्या सूत्रानुसार पाणी सोडावे, असे त्यात ठरविले गेले. मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ साली समन्यायी वाटपाच्या या तत्त्वाला मान्यता दिली. २०१५, २०१८ आणि २०२३ साली प्रत्यक्ष पाणी सोडण्यात आले.

या व्यवस्थेवर नाशिक-अहिल्यानगर भागातून तीव्र आक्षेप घेतले गेले आहेत. वाटेत मुरणारे पाणी, टक्केवारीची निवड आणि उसाच्या क्षेत्राचा प्रश्न हे त्यांपैकी प्रमुख आहेत आणि ते दुर्लक्षणीय नाहीत. तथापि या आदेशाची रचना बाभळीच्या आदेशापेक्षा मूलतः वेगळी आहे. येथे तारीख आहे. पण ती आपोआप दारे उघडत नाही. तारीख आली की साठा मोजला जातो, आणि मोजलेल्या साठ्यावरून काय करायचे ते ठरते. चांगल्या वर्षी वरच्या शेतकऱ्याला काहीच सोसावे लागत नाही. वाईट वर्षी तूट दोघांत वाटली जाते. माप आणि वेळ ही दोन्ही अंगे येथे एका सूत्रात आली आहेत. ज्या गोदावरीवर पैठणच्या वर हे सूत्र लागू झाले, त्याच गोदावरीवर बाभळीत केवळ तारीख लागू आहे, हा विरोधाभास चिंतनीय आहे.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला, केवळ वार्षिक मापावर आधारलेले वाटप चांगल्या वर्षांसाठी पुरेसे ठरते. विवाद मात्र तुटीच्या किंवा पुराच्या वर्षी पेटतात. दुसरा, वेळेचा विचार वगळल्यास तो नाहीसा होत नाही. तो संकटकाळी क्युसेकच्या आदेशांच्या रूपाने, अधिक कडवटपणे परत येतो. तिसरा, नदीच्या स्थितीशी न जोडलेली तारीख हा वेळेचा विचार नव्हे; ती मापाच्याच यांत्रिकतेचे दुसरे रूप आहे. चौथा, सशर्त वेळापत्रक चालविण्यासाठी कायमस्वरूपी आणि विश्वासार्ह मोजणी करणारी खोरे पातळीवरील संस्था लागते. १९५६ च्या नदी मंडळ अधिनियमात आणि कृष्णेच्या ‘ब’ योजनेत तिची बीजे होती. ती रुजू दिली गेली नाहीत.

या दृष्टीने पाहता महाराष्ट्राची स्थिती विशेष आहे. कृष्णेवर तो वरचे राज्य आहे, अलमट्टीच्या फुगवट्याच्या वादात तोच तक्रारदार आहे, आणि गोदावरीवर स्वतःच्या सीमेत त्याने वरच्या व खालच्या जिल्ह्यांत सशर्त वाटपाचा प्रयोग केला आहे. जे सूत्र त्याने नाशिक आणि मराठवाड्यात लागू केले, तेच सूत्र बाभळीच्या देखरेख समितीपुढे आणि अलमट्टीच्या विसर्गाच्या चर्चेत मांडण्याचा नैतिक अधिकार त्याला त्यातूनच प्राप्त होतो. मात्र त्यासाठी प्रथम स्वतःला एक अवघड गोष्ट मान्य करावी लागेल. चांगल्या वर्षी बाभळीची दारे लवकर लावण्याची मागणी करणाऱ्या राज्याने, वाईट वर्षी ती उशिरा लावण्याचीही तयारी ठेवली पाहिजे. या तयारीअभावी धर्माबादच्या शेतकऱ्याला आकडा मिळेल, पाणी मात्र मिळणार नाही.